लाँगटनची भट्टी

आज इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या चिनी मातीच्या भांड्यांच्या शहरात, लाँगटन भागातलं ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम पाहिलं. विटांच्या, बाटलीच्या आकाराच्या भट्टीत चक्क आत उभं राहता येतं! कच्ची भांडी जाड मातीच्या डब्यांत भरायची, ते डबे डोक्यावर घेऊन शिडी चढायची आणि वरपर्यंत रचायचे. भाजून झालं की भट्टी पुरती गार व्हायच्या आतच माल काढायला माणसं आत शिरत. १७७७ साली ट्रेंट-मर्सी कालवा पूर्ण झाला आणि खडबडीत रस्त्यांवर फुटणारा माल होड्यांतून अलगद जाऊ लागला. इथला नामांकित भांडी-कारखानदार वेजवूड, त्याचं नाव सगळेच घेतात. चकचकीत झिलईतल्या शिशाने खंगलेल्या कामगारांची नावं कोण घेणार? बाकी, बोन चायनात खरोखरच हाडांची राख असते. आमच्या कट्टर शाकाहारी मावशीला हे अजून सांगितलेलं नाही. तिचा टी-सेट तोच आहे.