वॉटरटाउन, वूस्टर आणि कझांजियन डॉक्टर

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या हार्वर्ड स्क्वेअरवरून ७१ नंबरची बस माउंट ऑबर्न रस्त्याने वॉटरटाउनला जाते. पुढे पुढे दुकानांच्या पाट्यांवर गोलसर वळणाची एक अनोळखी लिपी दिसू लागली, की समजायचं आर्मेनियन वस्ती आली. आम्ही सासू-सुना उतरलो ते खरं तर खाण्यासाठी. सुनेने लहमजून घेतलं: पातळ पोळीवर खिम्याचा थर, वर लिंबू पिळायचं, गुंडाळी करायची आणि उभ्या उभ्याच संपवायची. माझ्यासारख्या शाकाहारी बाईला मिळाली चीजची पीळदार वेणी. तिचे दोरे सोडवत गेलं तर आत चक्क कांद्याचं बी! लोणच्याच्या मसाल्यातली आपली कलौंजी इथे चीजमध्ये. मला तर आवडलं.

सून पुण्यात बीडीएस करून इथे आली. अमेरिकेत आपली डिग्री तशीच्या तशी चालत नाही. परीक्षा देऊन पुन्हा दोन-तीन वर्षं डेंटल कॉलेजात बसावं लागतं. मुलगा ऑफिसला, ही दप्तर घेऊन कॉलेजला. मेन स्ट्रीटवरच्या आर्मेनियन म्युझियममध्ये (इमारत जुन्या बँकेची, काँक्रीटची, बाहेरून अगदी रूक्ष; आतले गालिचे मात्र बघत राहावेत असे) तीच म्हणाली, "आई, कझांजियन टेक्निक वायव्हाला विचारायचे आम्हाला. तो माणूस आर्मेनियन होता आणि इथलाच, हे कुणी सांगितलंच नाही." ओठ आणि हिरडी यांमधली खाच उथळ झाली की कवळी टिकत नाही. ती खाच खोल करायची ही शस्त्रक्रिया. एवढ्यावर मी तिला सोडते की काय!

व्हराझ्ताद कझांजियन यांचा जन्म १८७९चा, तुर्कस्तानातल्या एर्झिंजानचा. १८९५मध्ये, ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांच्या कत्तली सुरू होत्या त्या वर्षी, सोळा वर्षांचा हा मुलगा मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला पोचला आणि तारेच्या कारखान्यात लागला. दिवसा काम, रात्री शिक्षण. १९०५मध्ये हार्वर्डच्या डेंटल स्कूलमधून डिग्री.

तो कारखान्याचा गाव बघायचाच म्हणून एका शनिवारी साउथ स्टेशनवरून लोकल पकडली. वूस्टर एके काळी काटेरी तारेसाठी नावाजलेलं होतं. अमेरिकेतलं पहिलं आर्मेनियन चर्चही १८९१मध्ये याच गावात उभं राहिलं, कारण तारेच्या गिरण्यांत हीच माणसं राबत होती. ग्रोव्ह स्ट्रीटवर वॉशबर्न अँड मोएन कंपनीची लाल विटांची लांबलचक इमारत अजून उभी आहे. गिरणगावात वाढलेल्या माझ्यासारखीला ती नवी वाटलीच नाही. सून मात्र वेगळाच विचार करत होती. तुटलेला जबडा बांधायला दातांभोवती तार पिळायची असते. जोर कमी पडला तर हाड हलतं, जास्त झाला तर तार तुटते. "तारेच्या कारखान्यात हात बसलेला माणूस, त्याला काय अवघड?" मला पटलं.

१९१५मध्ये, पहिल्या महायुद्धात, हार्वर्डची वैद्यकीय तुकडी फ्रान्समध्ये काम्येला ब्रिटिशांच्या लष्करी इस्पितळात गेली, तेव्हा दंतवैद्य म्हणून कझांजियनही गेले. जायचं होतं काही महिन्यांसाठी. ते राहिले १९१९पर्यंत. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी थेट तोंडावर. जबड्याचं हाड उडालेलं असलं, की जखम भरताना गाल आणि ओठ आत ओढले जातात आणि चेहरा तसाच आकसून बसतो. कझांजियन आधी आतून आधार द्यायचे. कवळ्यांसाठी वापरतात त्या व्हल्कनाइट या कडक रबराचे साचे करून ते मांस ताणून धरायचे, हाडाची जागा राखायचे आणि मगच टाके, मगच पुढची शस्त्रक्रिया. तिथे तीन हजारांवर जखमी त्यांच्या हाताखालून गेले. ब्रिटनच्या राजाने मानाचा किताब दिला.

एवढं नाव कमावून हा माणूस बॉस्टनला परतला आणि हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून बसला. १९२१मध्ये एमडी झाला तेव्हा वय बेचाळीस. १९३१मध्ये त्यांनी प्रसिद्ध मनोविश्लेषक फ्रॉइडसाठी कृत्रिम टाळू केला, १९४१मध्ये हार्वर्डचे प्लास्टिक सर्जरीचे पहिले प्राध्यापक झाले. माझी सून बत्तिसाव्या वर्षी वर्गात बसायला कुरकुरते, तिला हे मी मुद्दाम दोनदा ऐकवलं. "आई, त्यांना फी एवढी नसेल," असं उत्तर मिळालं.

बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत ईथर डोम आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी इथे भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली. ईथर देणारा मॉर्टन हाही दंतवैद्यच! त्या उतरत्या बाकांवर बसून मी सुनेला आपल्या पुण्याची गोष्ट सांगितली. ब्रिटिश फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी टिपूच्या हाती सापडला आणि नाक गमावून बसला. वर्षभराने पुण्याजवळ एका वीट पाडणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. भूल वगैरे काही नाही. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि १७९४मध्ये लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आलं. कावसजीचं नाव आलं, डॉक्टरांची आली. नाक करणाऱ्याचं तेवढं कुणी लिहिलं नाही.

"हे आमच्या पुस्तकात होतं," सून म्हणाली, "पण तो पुण्याचा होता हे मी वायव्हात सांगितलं असतं तर दोन मार्क जास्त मिळाले असते."