सात किलोंच्या बॅगेत कपडे बसवताना

केबिन बॅगेत कपडे किती घ्यायचे हे मी प्रवासाच्या दिवसांवरून ठरवत नाही. रात्री धुतलेला कपडा सकाळी घालण्याइतका वाळतो का, यावरून ठरवते. वाळत असेल तर आठवड्याला जेवढे कपडे लागतात तेवढेच महिन्यालाही पुरतात. वाळत नसेल तर कपडा कितीही हलका असो, त्याला जोडीला दुसरा घ्यावा लागतो आणि हलकेपणाचा फायदा तिथेच संपतो.

त्याआधी हिशेब मात्र वजनाचा. बऱ्याच विमान कंपन्या केबिन बॅगेला ७ किलो देतात, काही ८ किंवा १०, तर काही फक्त माप बघतात. माप साधारण ५५ × ४० × २० सेंटिमीटर किंवा ५५ × ३५ × २५ च्या आसपास असतं आणि त्यात चाकं, हँडल, फुगलेला बाहेरचा खिसा असं सगळं धरतात. एकाच प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील तर जिचा नियम कडक, तो पाळायचा. सोबतची लहान बॅग वेगळी धरतात की दोन्ही मिळून ७ किलो, हे तिकिटाच्या नियमांत वाचून घ्यायचं. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

चाकांची टणक बॅग रिकामीच अडीच-तीन किलोंची असते. म्हणजे एकही कपडा न भरता सात किलोंतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गेला. म्हणून मी ३५ ते ४० लिटरची पाठीवरची सॅक घेते. ती साधारण ११०० ग्रॅमची आहे. चार्जर धरून इलेक्ट्रॉनिक वस्तू १५०० ग्रॅम, साबण-ब्रश-औषधं ६०० ग्रॅम, कागदपत्रं आणि बारीकसारीक ३०० ग्रॅम. उरले ३५०० ग्रॅम. कपडे आणि जादा पादत्राणं यातच बसवायची. अंगावर घातलेलं वजनात येत नाही, त्यामुळे सगळ्यात जड बूट, जड पँट आणि वजन काठावर असेल तर जाकीटही विमानात अंगावर.

प्रत्येक कपडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघते. ‘पातळ’ वाटणारा कपडा हलका असतोच असं नाही. जीन्स सहज ६०० ते ८०० ग्रॅम भरते, तर पातळ नायलॉनची पँट ३०० च्या आसपास. नेहमीचा सुती टी-शर्ट १८० ते २०० ग्रॅम, १५० जीएसएमचा मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचा १५० च्या जवळपास. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. टी-शर्टसाठी १४० ते १७० मला योग्य वाटतं. त्याखाली कापड पारदर्शक होतं आणि लवकर विरतं, २०० च्या वर ते रात्रीत वाळेलच याचा भरवसा नाही.

मग वाळण्याची परीक्षा. निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी प्रत्येक कपडा रात्री दहाला हाताने धुवायचा, खोलीच्या आत टांगायचा आणि सकाळी सातला बघायचा. बाहेर उन्हात वाळवून घेतलेल्या परीक्षेला अर्थ नाही. प्रवासात खिडकी नसलेली खोलीही मिळते. सकाळी कपड्याच्या मध्यभागी हात लावून फसायला होतं. काखेची शिवण, कॉलर, कमरेचं इलॅस्टिक आणि खिशाच्या कडा शेवटी वाळतात, कारण तिथे कापडाचे दोन-चार थर असतात. तिथे हाताची मागची बाजू किंवा गाल लावायचा. गार लागलं की अजून ओल आहे.

या परीक्षेत कोण नापास होतं ते बहुतेक ठरलेलं आहे. जीन्स, जाड हूडी, फोम घातलेली ब्रा, खिशांना जाड सुती अस्तर असलेली पँट. शेवटचं लक्षातच येत नाही: पँट वाळलेली असते, खिसे ओले आणि दिवसभर मांडीला गार लागत राहतात. व्हिस्कोस आणि मोडालचे (दोन्ही लाकडाच्या लगद्यापासून केलेले धागे) कपडे अंगाला मऊ लागतात, पण पाणी खूप धरतात आणि ओले असताना स्वतःच्याच वजनाने खाली ओढले जातात. व्हिस्कोस तर ओलं असताना कमकुवतही होतं, पिळताना जपावं लागतं.

उत्तीर्ण होणाऱ्यांतही आपापले दोष आहेत. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे सगळ्यात लवकर वाळतं. पण घामातला तेलकट भाग धाग्याला चिकटून बसतो. धुतल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि अंगाची ऊब लागली की अर्ध्या तासात परत येतो. मेरिनोचं उलट आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा धाग्याच्या आत घेते आणि तरी ओली लागत नाही, वासही बराच काळ धरत नाही. एक टी-शर्ट दोन-तीन दिवस चालतो. पण ती पॉलिस्टरपेक्षा सावकाश वाळते, आणि शुद्ध मेरिनोचं पातळ कापड सॅकच्या पट्ट्याखाली खांद्यावर घासून विरतं. त्यामुळे थोडं नायलॉन मिसळलेलं कापड मला जास्त टिकाऊ वाटतं. लिनन चुरगळतं, पण छान वाळतं आणि ओलं असताना उलट मजबूत होतं. उष्ण हवेत पूर्ण बाह्यांच्या शर्टाला माझी पहिली पसंती तीच. पातळ सुती कापडालाही माझा विरोध नाही. कोरड्या हवेत ते रात्रीत वाळतं, दमट हवेत मात्र नाही.

संख्या सांगायची तर टी-शर्ट तीनच: एक अंगावर, एक दोरीवर, एक बॅगेत कोरडा. दोनच घेतले तर एखाद्या दमट रात्री दोरीवरचा वाळत नाही आणि सकाळी कालचाच घालावा लागतो. चौथा घेतला तर तो घातला जातो खरा, पण त्यामुळे धुणं एक दिवस पुढे ढकललं जातं, एवढंच. अंतर्वस्त्रांचंही हेच गणित; फक्त बॅगेत एक जादा, कारण ती उसनी घेता येत नाहीत.

माझ्या बॅगेचा हिशेब असा. टी-शर्ट तीन, मिळून ४५० ग्रॅम. लांब बाह्यांचा शर्ट २००. जादा पँट ३२०. झोपताना घालायची पातळ पँट १५०. ती पहिल्या दोन्ही पँटी धुवायला पडल्या तर बाहेरही चालेल अशी हवी. निकर तीन, १३५. बिनफोमची जादा ब्रा ६०. मोज्यांच्या दोन जोड्या ९०. पातळ फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचं जाकीट) २५०, पिसांचं जाकीट ३००, पावसाचं जाकीट २२०, सँडल ४००, टोपी-हातमोजे १००. बेरीज २६७५ ग्रॅम. उष्ण हवेत फ्लीस, पिसांचं जाकीट आणि टोपी-हातमोजे काढले की २०२५ उरतात. अंगावर याशिवाय लांब बाह्यांचा एक जुना शर्ट, पँट, अंतर्वस्त्रं, मोजे आणि बूट असतात. ३५०० मधले उरलेले आठशे ग्रॅम मी भरत नाही. परतीच्या वाटेवर काहीतरी वाढतंच, आणि विमानतळावरचा काटा घरच्या काट्याशी जुळेलच असं नाही.

रंग निवडण्याचा नियम एवढाच की वरचा कोणताही कपडा खालच्या कोणत्याही कपड्यावर घालता यावा. एकाच पँटवर शोभणारा शर्ट म्हणजे अर्धाच शर्ट. सगळं काळं घ्या असा सल्ला सर्रास मिळतो, तो मला पटत नाही. काळ्यावर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात. फिकट राखाडीवर काखेतली ओल लांबून दिसते. बारीक नक्षीचं किंवा गडद निळं कापड दोन्ही लपवतं.

थंडीसाठी जाड कोट नेण्याची गरज जवळजवळ कधीच नसते. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. आत मेरिनो, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, सगळ्यांवर वारा अडवणारं पावसाचं जाकीट. पावसाचं जाकीट घेताना पिसांचं घालून मगच माप बघायचं. वरचं घट्ट बसलं तर आतली पिसं दबतात, हवा निघून जाते आणि ऊबही. पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब देत नाहीत. सतत पाऊस असलेल्या जागी कृत्रिम भरावाचं जाकीट बरं, ते थोडं जड असलं तरी. मुक्कामी पोचल्यावर पिसांचं जाकीट पिशवीतून काढून टांगून ठेवायचं, ते परत फुलतं.

पादत्राणांचे दोनच जोड. लांबच्या विमानप्रवासात पाय सुजतात, म्हणून पायात नाडीचे, सैल करता येतील असे बूट. बूट भिजले तर आतला तळवा काढून वेगळा वाळवायचा आणि बुटांत वर्तमानपत्र कोंबून दर दोन-तीन तासांनी बदलायचं.

आता धुणं, कारण सगळा डाव त्यावर उभा आहे. सोबत एक रबरी चपटी चकती असते, बेसिनचं भोक झाकायला. बेसिनच्या स्वतःच्या बुचाचा भरवसा नसतो. कोमट पाणी, साबण अगदी थोडा. साबण जास्त झाला की पूर्ण निघत नाही, कापड कडक होतं आणि साबणाच्या थरावर मळ आणखी लवकर बसतो. दहा-पंधरा मिनिटं भिजवून फक्त काखा, कॉलर आणि मोज्यांचे तळवे चोळायचे. लोकरीला गरम पाणी आणि जोरात चोळणं दोन्ही वर्ज्य, नाहीतर धागे एकमेकांत गुंततात आणि कपडा आटतो. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचं.

वाळण्याचा वेळ ठरतो तो पुढच्या पायरीत, आणि तीच गाळली जाते. नुसत्या हाताने पिळलेल्या सुती टी-शर्टमध्ये त्याच्या कोरड्या वजनाइतकं पाणी सहज राहतं. ते सगळं हवेने उडवायचं म्हटलं तर रात्र पुरत नाही. म्हणून कोरडा टॉवेल पसरायचा, त्यावर कपडा सपाट ठेवायचा, दोन्हींची घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत भार द्यायचा. पाणी टॉवेलमध्ये जातं. जाड शिवणी टॉवेलच्या कोरड्या भागावर घेऊन पुन्हा एकदा दाबायचं. फरक बघायचा असेल तर पिळल्यावर आणि दाबल्यावर कपडा काट्यावर ठेवा.

मग झटकून, उलटा करून टांगायचा, म्हणजे शिवणी आणि खिसे बाहेर येतात. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. हँगर असेल तर उत्तम, नाहीतर दोरीवर एक टोक पुढे, एक मागे. न्हाणीघरात कधीच नाही. तिथली हवा आधीच ओली असते आणि रात्री कुणीतरी अंघोळ करतंच. एसी चालू असलेली खोली चांगली, कारण एसी हवेतला दमट भाग काढून टाकतो. पंखा असेल तर त्याच्या वाऱ्यात. दिव्यावर किंवा हीटरवर कपडा टाकू नये. पॉलिस्टर वितळतं, आग लागण्याचा धोका वेगळाच.

सकाळी थोडी ओल उरली असेल तर पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट अंगावरच वाळतो. मोजे आणि निकर मात्र ओले घालू नयेत, कातडी सोलवटते. ओला कपडा बंद पिशवीत घालावाच लागला तर पोचताक्षणी बाहेर काढायचा. काही तासांतच कुबट वास धरतो आणि तो वास साध्या धुण्याने जात नाही. यावर उपाय वेळापत्रकाचा: धुणं मुक्कामाला पोचल्याच्या संध्याकाळी, निघण्याच्या आदल्या रात्री नाही.

भरण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गुंडाळी केल्याने जागा खूप वाचते हा गैरसमज आहे. जागा दाबल्याने वाचते. गुंडाळीचा फायदा इतकाच की तीक्ष्ण घडी पडत नाही आणि हवा तो कपडा चटकन सापडतो. लिननचा शर्ट मी घडी घालून सगळ्यांत वर ठेवते. हवा दाबून काढणाऱ्या झिपच्या पिशव्यांनी आकार घटतो, वजन नाही, आणि मोकळी दिसणारी जागा भरायचा मोह होतो. शिवाय दाबलेली पिशवी मध्येच गोल फुगते. बॅग लांबी-रुंदीत बसते आणि जाडीच्या २० सेंटिमीटरला अडकते. भरून झाल्यावर आडवी ठेवून सगळ्यात फुगलेल्या जागी मोजपट्टी लावायची.

धुण्याचा साबण वडीचा नेला तर द्रव पदार्थांच्या नियमात अडकत नाही. द्रव नेणार असाल तर बऱ्याच विमानतळांवर बाटलीवर छापलेलं माप १०० मिलिलिटरपेक्षा जास्त चालत नाही. तिथे १५० ची बाटली अर्धी रिकामी असली तरी काढून घेतात.

शेवटची तयारी विमानाच्या दारातली. वरचे कप्पे भरले की नियमात बसणारी बॅगही खाली सामानात पाठवतात. पॉवर बँक तिकडे चालत नाही, ती तिथल्या तिथे काढून घ्यावी लागते. म्हणून पॉवर बँक, पासपोर्ट, औषधं, एक टी-शर्ट, एक निकर आणि मोजे मी एका कापडी पिशवीत घालून सॅकच्या तोंडाशी ठेवते. सॅक हातातून गेली तरी ती पिशवी उचलायला दहा सेकंद लागतात.