पाचातले चार देश कापले आणि एकच ठेवला: आईसोबत स्लोव्हेनिया

माझा पहिला प्लॅन दहा दिवसांत पाच देशांचा होता. एक्सेल शीट करून झाली, आईला दाखवली, तिने चष्मा लावून नीट वाचली आणि विचारलं, "अगं, रोज बॅग भरायची आणि रोज उघडायची, मग बघायचं कधी?" तिथेच तो प्लॅन संपला. शेवटी एकच देश ठेवला, स्लोव्हेनिया. इटली यादीतून गेल्याचं मात्र तिला मनापासून वाईट वाटलं, बोलली नाही पण कळलं मला.

स्लोव्हेनिया का, तर देश जेमतेम वीस हजार चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास, आणि त्यातच आल्प्स, गुहा, तलाव, थोडासा समुद्रकिनारा सगळं. युरो चालतो, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) चालतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर अजिबात विसंबू नका. इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरोचा लागतो.

बाकी सगळं प्लॅनिंग मी आईच्या गुडघ्यांना धरून केलं आणि खरं सांगते, त्यामुळेच ट्रिप चांगली झाली. मुक्काम दोनच, राजधानी लुब्लियाना आणि तलावाकाठचं ब्लेड. लुब्लियानाचा मधला भाग गाड्यांना बंद आहे, म्हणजे सगळं पायी, त्याची मला धास्ती होती, पण तिथे काव्हालिर नावाच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या फिरतात, फुकट, खास करून वयस्कर लोकांसाठी, आई दोनदा बसली त्यात.

गुहांच्या बाबतीत मात्र मला फार विचार करावा लागला. श्कोत्स्यान युनेस्कोच्या यादीत आहे, आत जमिनीखालून नदी वाहते आणि तिच्यावर 45 मीटर उंचीवरून पूल, मला तीच बघायची होती. पण पायऱ्या पाचशेच्या घरात. मग पोस्टोयना घेतली, लुब्लियानाहून ट्रेनने साधारण तासभर. तिथे गुहेच्या आतच ट्रेन आहे, 1872 पासूनची, तेव्हा म्हणे गाइड लोक डबे ढकलत न्यायचे. आता इंजिन आहे पण डबे उघडेच, आणि वरून लोंबणारे खडक इतके जवळून जातात की आई दर वळणाला मान खाली घालत होती आणि माझीही हाताने दाबत होती. पुढे दीडेक किलोमीटर चालायचं, चढउतार आहे पण वाट पक्की. आत बाराही महिने 10 अंशांच्या आसपास असतं, उन्हाळ्यात गेलात तरी जॅकेट हवंच.

ब्लेडच्या तलावातल्या बेटावर जायला प्लेत्ना नावाची लाकडी होडी, नावाडी मागे उभा राहून दोन वल्ह्यांनी चालवतो. धक्क्यावर उतरलं की समोर 99 पायऱ्या, वर चर्च आणि इच्छा मागून वाजवायची घंटा. आई खालच्या पायरीवर पाण्याजवळच बसली, म्हणाली तू जा, माझ्या वाट्याची पण वाजव. दोर ओढायला चांगलाच जोर लागतो. खाली आले तर तिचं पहिलं वाक्य, "दोनदा वाजली, ऐकलं मी."

आणि आता ती ट्रेन, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलंय. ब्लेड येझेरो नावाचं छोटंसं स्टेशन आहे तलावाच्या वरच्या अंगाला, तिथून नोवा गोरिचाला जाणारी जुनी बोहिन्य लाइन, 1906 ची. दिवसाला गाड्या मोजक्याच, म्हणून जातानाचं आणि परतीचं, दोन्ही टाइमटेबल आधी बघून ठेवा. सहा किलोमीटरहून लांब बोगदा येतो, डब्यात आपलाच चेहरा काचेत दिसत राहतो, मग उजेड आणि थोड्या वेळाने सोचा नदी. तिचा रंग मला सांगता येत नाहीये, हिरवा म्हणावा तर आत दूध मिसळल्यासारखा. आई म्हणाली, "ह्यात कोणी काही टाकलंय का गं?" आणि मग कितीतरी वेळ गप्प बसून काचेला नाक लावून बघत होती. शेवटी सोल्कानचा पूल, दगडी कमानीच्या रेल्वेपुलांत जगातली सगळ्यात मोठी कमान, 85 मीटरची. पुलावरून जाताना ती दिसत नाही हा एक तोटा.

नोवा गोरिचाचं स्टेशन मी मुद्दाम निवडलं होतं आणि आईला सांगितलं नव्हतं. स्टेशनच्या समोरच्याच चौकातून देशाची सीमा जाते, पलीकडे इटलीतलं गोरित्सिया, पूर्वी इथे कुंपण होतं, आता जमिनीवर फक्त खूण आहे. मी तिचा हात धरला आणि चार पावलं पुढे नेलं.

"आई, ही इटली."

तिने मागे वळून स्टेशनकडे बघितलं, मग खाली पायांकडे, आणि म्हणाली, "थांब, जरा बसूया इथे."

परतीच्या गाडीला दीड तास होता. आम्ही पूर्ण दीड तास इटलीतच बसलो.