तुम्ही विचारलंत म्हणून: पोटॅश विरघळवून काढल्यावर वरची जमीन खचत नाही का?

तासगावात आमचं खताचं दुकान आहे आणि त्यात बसायच्या आधी मी जिऑलॉजीत एमएस्सी केलीय, त्यामुळं हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडंच येतो. सुरुवात होते पांढऱ्या पोटॅशवरनं. आयुष्यभर लाल पोटॅश टाकलेला माणूस पोत्यात हात घालून बघतो आणि म्हणतो, ‘काय ओ, डुप्लिकेट तर न्हाई न्हवं?’ नाही. लाल रंग त्यातल्या लोहाचा असतो, बादलीत विरघळवलं की तळाला तांबूस गाळ बसतो तोच. पांढरं म्हणजे एकदा पाण्यात विरघळून परत खडा धरलेलं, गाळ मागं राहिलेला. कॅनडात सस्कॅचेवानमध्ये बेल प्लेनला 1964 पासून माणूस खाली न उतरवता असंच पोटॅश काढतात, दीड किलोमीटरपेक्षा खोल बोअर मारायचं, गरम पाणी सोडायचं आणि खारं पाणी वर घ्यायचं. एवढं सांगितलं की पुढचं ठरलेलं, ‘मग खाली पोकळ झालं की, वरचं ढासळणार न्हाई का? आणि बोअरच्या पाण्याचं काय?’

तर ऐका. पहिलं म्हणजे ती पोकळी रिकामी नसते, खाऱ्या पाण्यानं गच्च भरलेली असते आणि ते पाणी लिटरला जवळजवळ 1.2 किलो भरतं, म्हणजे आतनं भिंतींना चांगला रेटा देतं. दुसरं, पोटॅश मिठाच्या थरांतच सापडतं, आणि मीठ आपल्या काळ्या पाषाणासारखं ताठ नसतं, वरच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं हळूहळू सरकतं आणि पोकळी आवळत आणतं, त्यामुळं वर जमीन बशीसारखी थोडी खाली बसते. हे धरूनच चाललेलं असतं, जमिनीची लेव्हल घेऊन मोजत राहतात.

घोळ होतो छपरात. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते वर जाऊन बसतं आणि छपरालाच खातं. म्हणून छपराखाली डिझेलचा नाहीतर नायट्रोजनचा थर ठेवतात, पाणी लागूच नये म्हणून. तो थर राखला नाही, किंवा चार टन जास्त मिळतंय म्हणून वरचं मीठही ओरबाडून काढलं, की त्यावरचा ठिसूळ दगड उघडा पडतो, त्याचे तुकडे निसटत राहतात आणि पोकळी जागा सोडून वर वर सरकायला लागते. आता तुटलेला दगड जास्त जागा धरतो, त्यामुळं पोकळी फार खोल असेल तर स्वतःच्याच ढिगाऱ्यानं बुजून थांबू शकते, पण उथळ असेल नाहीतर फार मोठी असेल तर पार जमिनीपर्यंत येते. वाटेत पाण्याचा थर लागला तर आणखी वाईट, ते गोडं पाणी खाली उतरून अजून मीठ विरघळवतं.

ब्राझीलच्या मासेयो शहरात हेच झालं. 1970 च्या दशकापासून शहराखालचं मीठ असं काढत होते, 35 विहिरी, कॉस्टिक सोडा आणि पीव्हीसीसाठी. मार्च 2018 मध्ये अडीचच्या आसपास रिश्टरचा धक्का बसला (कोयनेच्या धक्क्यांवर वाढलेल्या आपल्याला त्यानं जागसुद्धा येणार नाही) आणि घरांच्या भेगा वाढत गेल्या. शेवटी साठएक हजार लोकांना घरं सोडावी लागली, आणि डिसेंबर 2023 मध्ये 18 नंबरची पोकळी तिथल्या खाडीसारख्या तलावाखाली फुटली. 2012 ला अमेरिकेत लुईझियानामध्ये तर छप्पर नाही, बाजूची भिंत गेली, कारण पोकळी मिठाच्या घुमटाच्या कडेला फारच खेटून काढलेली होती.

बोअरच्या पाण्याचं म्हणाल तर सगळा खेळ केसिंगचा, म्हणजे बोअरमध्ये उतरवलेल्या पाइपचा. आपल्या बोअरला केसिंग मुरूम संपून कडक दगड लागेपर्यंतच, खाली उघडंच, कारण आपल्याला भेगांतलंच पाणी पाहिजे असतं. तिथं केसिंग मिठापर्यंत जातं आणि बाहेरनं सिमेंट भरतात, कारण तेच भोक गोड्या पाण्याच्या थरातनं खाली गेलेलं असतं. सिमेंट तडकलं किंवा जुनं बोअर नीट न बुजवता सोडून दिलं की दाबाखालचं खारं पाणी तिथनं वर घुसतं. आणि एकदा घुसलं की संपलं. मिरज-वाळव्याकडं क्षारपड रानात निचऱ्याचे पाइप तरी टाकता येतात, पाचशे मीटर खाली कुठला निचरा करणार? झेक देशात स्त्राझला युरेनियम काढायला 40 लाख टनांच्या आसपास सल्फ्युरिक ॲसिड जमिनीत सोडलं होतं, 1996 ला बंद केलं, भूजल साफ करायचं काम अजून चालूच आहे.

आपल्या देशात राजस्थानात बिकानेर-हनुमानगडकडं खोलवर पोटॅश आहे आणि ते असं काढता येईल का हे बघायचा करार 2021 ला झाला. माझं मत विचाराल तर बघावंच, कारण एमओपी, म्हणजे हेच पोटॅश खत, आपण बाहेरनंच आणतो आणि तिकडं काही झालं की दुकानात भाव मला सांगावा लागतो. फक्त एक घनमीटर साधं मीठ विरघळवायला सात-आठ घनमीटर पाणी लागतं, तेव्हा त्या कोरड्या मुलखात पाणी कुठलं देणार आणि खाण बंद पडल्यावर लेव्हल कोण मोजणार, हे आधी कागदावर पाहिजे.

सांगलीला यातलं काही लागू नाही. आपल्याखाली बेसॉल्ट आहे, मिठाची खाण निघणार नाही. तुमच्या बोअरचं पाणी मचूळ झालं असेल तर आधी उसाला किती पाणी सोडता ते बघा, मग माझ्याकडं या.