समोर नसलेल्या मुलाला शाबासकी कशी द्यायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका करणाऱ्या मुली विचारतात, पालक विचारतात, लग्नाच्या मांडवात भेटलेले नातेवाईकही विचारतात. मी प्राथमिक शिक्षिका आहे हे कळलं की कोरोनाच्या काळाचा विषय निघतोच. "पहिली-दुसरीची पोरं मोबाइलवर शिकली कशी? त्यांचा हुरूप कसा टिकवलात?"

मुलाने पाठवलेलं आपण खरोखर ऐकलंय, हे त्याला कळेल असं उत्तर रोज द्यायचं. माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे. पण तेवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. रोज उत्तर द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, खरा प्रश्न तोच असतो.

आधी शाळेबद्दल थोडं सांगते. आमची शाळा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपई गावाहून बरीच आत. मराठी माध्यमाची सरकारी प्राथमिक शाळा, पट लहान, त्यामुळे दोन-दोन इयत्ता एका खोलीत बसतात. मुलं घरी कोकणी बोलतात आणि पुस्तक मराठीत वाचतात. मार्च 2020 मध्ये शाळेला कुलूप लागलं. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. प्राथमिकचे वर्ग पुन्हा रीतसर भरले फेब्रुवारी 2022 मध्ये. त्या जूनमध्ये जिचं नाव पहिलीत घातलं, ती मुलगी दुसरी संपत आल्यावर पहिल्यांदा बाकावर बसली. हे आठवलं की आजही पोटात तुटतं.

जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारची 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं आली. पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं घ्यावीत असं त्यात होतं. लहान मुलांच्या डोळ्यांचा विचार त्यामागे होता आणि तो योग्यच होता. आमच्याकडे मात्र एक सत्रसुद्धा धड होत नसे. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत नाहीतर फोंड्याला कामावर जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. फोन घरी आला तरी रेंज घरात नसे. कुणाला काजूच्या बागेतल्या चढावर रेंज मिळे, कुणाला रस्त्याच्या वळणावर. पाऊस लागला की वीजही जायची. "टीचर, रेंज ना" हे वाक्य मी त्या काळात सगळ्यांत जास्त ऐकलं असेल.

म्हणून थेट वर्गाचा हट्ट मी लवकरच सोडला आणि व्हॉइस मेसेजवर आले. सकाळी मी लहानसा पाठ बोलून पाठवायची, सोबत पाटीवर लिहिलेल्याचा फोटो. मुलं संध्याकाळी ऐकायची, वाचून दाखवायची, जमलं तर वहीचा फोटो पाठवायची. रात्री जेवणं आटोपली की मी कानात इअरफोन घालून बसायची.

ग्रुपवर रोज येणाऱ्या वह्यांना अंगठ्याचं चित्र टाकून मोकळं होणं फार सोपं असतं. मोठ्या माणसाला अंगठा दिसला की काम झालं असं वाटतं. सात वर्षांच्या मुलाला त्यातून काय कळणार? त्याने अर्धा तास खपून लिहिलेल्या पानाला आणि शेजारच्या मुलाने दोन मिनिटांत गिरवलेल्या पानाला तोच अंगठा. वर्गात असं होत नाही. तिथे मी बाकाजवळून जाताना क्षणभर थांबते, वहीवर बोट ठेवते, भुवई उंचावते, आणि मुलाला सगळं समजतं. फोनवर थांबणं नाही, बोट नाही, भुवईही नाही. उरतो फक्त आवाज. म्हणून जे वर्गात न बोलता सांगता येतं, ते सगळं इथे बोलून सांगावं लागतं.

एका मुलाचा मेसेज सांगते. दुसरीतला मुलगा, मोरावरचं वाक्य वाचत होता. मागे कोंबड्यांचा आवाज, भांड्यांचा आवाज. "मोराचा" पर्यंत तो आला आणि अडला. श्वास ऐकू आला. मग अगदी हळू "पि…", आणि लगेच बाजूने आईची कुजबूज, "पिसारा म्हण रे." त्याने पिसारा म्हटलं आणि वाक्य घाईघाईने संपवलं. ऐकताना कुणालाही वाटेल की आईने सांगितलं आणि पोराने म्हटलं. मी तो तुकडा पुन्हा ऐकला. 'पि' त्याचा स्वतःचा होता, आईच्या आधीचा.

त्याला मी उत्तर पाठवलं ते असं: "तू पिसारा शब्दापाशी थांबलास. आईने सांगायच्या आधीच तू 'पि' म्हणालास, ते मी ऐकलं. पहिलं अक्षर तू एकट्याने काढलंस. उद्या ते वाक्य मला पुन्हा वाचून दाखव, थांबत थांबत वाचलंस तरी चालेल." दुसऱ्या दिवशी त्याने ते वाक्य वाचलं, आणि वाचून झाल्यावर विचारलं, "टीचर, तुमीं आयकलें?" तेव्हापासून प्रत्येक मेसेजच्या शेवटी हा प्रश्न येऊ लागला. ऐकणारं कुणीतरी आहे याची त्याला रोज खात्री करून घ्यायची असे, आणि मी रोज ती द्यायची.

माझी पद्धत म्हणाल तर हीच. मुलाच्या कामातली एक नेमकी गोष्ट पकडायची आणि ती त्याच्या नावाने त्याला सांगायची. 'छान', 'मस्त', 'हुशार आहेस' असं मी जवळजवळ कधीच म्हणत नसे. हुशार म्हटलेलं मूल पुढच्या वेळी अवघड शब्द टाळतं, हे वर्गात अनेकदा पाहिलेलं होतं. पुढे वाचनात आलं की क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीच्या मुलांबाबत हेच दिसलं होतं. बुद्धीची तारीफ झालेली मुलं नंतर सोपी कामं निवडू लागली आणि मेहनतीची तारीफ झालेली मुलं अवघड कामाला हात घालायला तयार झाली. आमच्या आया कौतुकाने म्हणतात, "टीचर, माझा बाबू हुशार आहे ना?" मी सांगायची, "तो आज तीनदा खोडून लिहीत होता, ते त्याला म्हणा."

चूक सांगायची ती एकच, आणि ग्रुपवर कधीही नाही. कौतुकसुद्धा ग्रुपवर नाही, याबद्दल मी आजही ठाम आहे. 'आजचा तारा' म्हणून एका मुलाची वही सगळ्यांना दाखवणं अनेकांना आवडतं. पण ग्रुपवर मुलं नसतात, असतात मुलांचे वडील, काका, मोठा भाऊ. सुंदर अक्षराचा फोटो दिसला की त्या रात्री कुठल्यातरी घरात दुसऱ्या पोराला ऐकवलं जातं, "बघ तिचं अक्षर, आणि तुझं!" वर्गात असं काही झालं तर मी तिथे असते, मुलाची बाजू घेऊ शकते. त्याच्या घरात मी नसते.

आता आयांबद्दल, कारण खरं काम त्यांनी केलं. एका आईचा फोन आला. "टीचर, म्हाका वाचूंक येना. हांव कितें शिकयतलीं?" आवाजात संकोच होता. तिची मुलगी दुसरीत, चुणचुणीत, पण मेसेज पाठवायची बंद झाली होती. तेव्हा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती, 2020 मध्ये ती 22 ऑगस्टला होती. मी त्या माउलीला म्हटलं, या आठवड्यात पुस्तक राहू दे. माटोळीला काय काय बांधणार ते तुम्ही सांगा आणि तिला लिहू दे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली आणि परसातली फळं, फुलं, पानं बांधतात. सत्तरीत ही माटोळी भरगच्च असते. वडील-काका रानात जाऊन सामान आणतात, आणि कशाला काय म्हणतात हे घरातल्या बायकांना तोंडपाठ असतं. त्या आईने नारळाची पेण, सुपारीचं शिपटं, आंबाडे, चिबूड, कांगलां, कवंडळां, घागऱ्या अशी यादी भरभर सांगितली आणि मुलगी लिहीत गेली. रात्री वहीचा फोटो आला. 'घागऱ्या' तिने 'घागरया' असं लिहिलं होतं. जोडाक्षरं अजून नीट शिकवून झाली नव्हती. मी तिला म्हटलं, "र आणि य दोन्ही तुला ऐकू आले, आणि दोन्ही तू लिहिलेस. आता त्यांना जोडायचं कसं ते मी पाटीवर काढून दाखवते." आणि आईसाठी वेगळा मेसेज केला, की आजचा पाठ तुम्ही घेतलात, यातली निम्मी नावं मला ठाऊक नव्हती. ते खरंच होतं. मी बार्देश तालुक्यातली, आमच्या घरची माटोळी हिच्यापुढे लहानच.

त्यानंतर ती आई मुलीजवळ बसू लागली. तिला वाचता येत नव्हतंच. पण मुलगी अडली की ती म्हणायची, "परत सांग, माझ्या कानाला बरोबर वाटलं नाही." मुलगी पुन्हा वाचायची. अशी पालक शिक्षकाला मिळाली की अर्धं काम होतं. मग मी बाकीच्या घरांतही तेच सुरू केलं. आजीने गोष्ट सांगायची, नातवाने तिच्यातली चार वाक्यं लिहायची. आजोबांनी गुरांची नावं सांगायची. भाताची लावणी चालू असताना शेतात किती जण उतरले ते मोजून बेरीज करायची.

सगळं असं छान चाललं होतं असं समजू नका. मुलं गप्प व्हायची. एखाद्याचा मेसेज आठवडाभर यायचा नाही. कधी डेटा पॅक संपलेला असे, कधी फोन पाण्यात पडलेला, कधी घरात कुणी आजारी, कधी पगार थांबलेला. अशा वेळी 'अभ्यास का नाही पाठवला' हे पहिलं वाक्य असू नये. मी विचारायची, "तुमच्या पाडसाला शिंगं फुटली का रे?" उत्तर यायचं. अभ्यासाचं नंतर बघता येतं, आधी मूल बोललं पाहिजे. निर्बंध सैल झाल्यावर मी मास्क लावून वाड्यावर जायची, अंगणातच उभी राहायची. दार उघडताच पोर आत पळायचं आणि मग खिडकीतून बघायचं.

23 जुलै 2021 ला म्हादई नदीला पूर आला. सत्तरीत मातीची घरं पडली, कुणाची भांडीकुंडी गेली, कुणाची दप्तरं. त्या आठवड्यात मी कुणाकडेही गृहपाठ मागितला नाही. फक्त म्हटलं, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मला सांगा. मुलांनी जे सांगितलं ते कुठल्याही निबंधात येणार नाही. एकीने सांगितलं की पुस्तक भिजलं तेव्हा आजीने पानं एकेक सुटी करून चुलीजवळ वाळवली, म्हणून आता पानं वाकडी झालीत, पण वाचता येतं. आणि लगेच त्यातलं एक पान वाचून दाखवलं, न विचारता.

फेब्रुवारीत शाळा भरली तेव्हा जे दिसलं तेही सांगितलं पाहिजे. काही मुलं बऱ्यापैकी वाचत होती, पण पेन्सिल मुठीत धरत होती. रांगेत उभं राहणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, शेजाऱ्याच्या पाटीवर न वाकता लिहिणं, हे काहीच येत नव्हतं. दोघं-तिघं खूपच मागे राहिली होती आणि त्यांना पुढे वर्षभर वेगळा वेळ द्यावा लागला. मेसेजने वर्गाची जागा घेतली असं मी कधीच म्हणणार नाही. मूल शिकायचं थांबू नये, एवढंच त्याने झालं.

यानंतर नवशिक्या शिक्षिकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ज्यांच्या घरी असा फोनच नाही त्यांचं काय? आमच्याकडे अशी मुलं होती. त्यांच्यासाठी मी हाताने लिहिलेल्या वर्कशीट गावातल्या दुकानात ठेवायची. दुकानदार तांदूळ-साखर बांधताना पुडीबरोबर पोराच्या हाती देत असे आणि लिहून झालेल्या वर्कशीट एका खोक्यात जमा करत असे. त्या कागदांवर मी लाल शाईने खुणा केल्या नाहीत. मागच्या कोऱ्या बाजूवर पत्र लिहायची, मुलाला वाचता येईल एवढ्याच शब्दांत: "तुझी 7 ची वजाबाकी बरोबर आली. 9 ची परत कर. बोटांवर मोजलंस तरी चालेल." मुलं त्यालाही उत्तर लिहायची. एकाने लिहिलं होतं, 'बोटावर केली टीचर. दादाची पण बोटे घेतली.' वर्कशीटची झेरॉक्स काढायला पैसे लागतात, पण मागच्या बाजूवर दोन ओळी लिहायला काही लागत नाही. तेव्हा ज्या मुली आता शाळेवर रुजू होणार आहेत त्यांना मी सांगते की फोन असो-नसो, त्या दोन ओळी लिहायला आजपासूनच सुरुवात करा.