कॅप्रेसे ग्रिल्ड चीज, प्रयोग १४: पाणी नेमकं येतंय कुठून?

मंडळी, झालं एकदाचं! काल रात्री पावणेअकराला कॅप्रेसे सँडविचमध्ये (ब्रेडमध्ये मोझरेला चीज, टोमॅटो आणि बेसिल घालून तव्यावर शेकलेलं) सुरी घातली आणि कर्र आवाज आला, वरूनही आणि खालूनही. आधीचे तेरा प्रयोग ज्यांनी सोसलेत त्यांना या 'खालूनही'ची किंमत कळेल.

मागच्या वेळी झाकणावर येऊन अडकलो होतो ते आठवत असेल. झाकण ठेवलं की चीज मस्त वितळतं पण वाफेने ब्रेडचा फडका होतो, झाकण काढलं की ब्रेड करपतो आणि आत मोझरेला तशीच गार, रबरासारखी. म्हणजे मोझरेला साठेक अंशाला ढिली पडते पण ब्रेडला रंग यायला दीडशेच्या आसपास लागतं, आणि ती ऊष्णता ब्रेडमधून आत पोचेपर्यंत बाहेरचा कोळसा. त्यावर तोडगा आधीच सापडलाय, तो परत सांगत नाही, फक्त एवढंच की बिडाचा तवा, सगळ्यात लहान बर्नर, चीज किसून आणि फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर. पहिली दोन मिनिटं झाकण, मग उघडं. नॉनस्टिकवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका पण बिडाच्या तव्यासारखा एकसारखा रंग त्यावर मला तरी कधी आला नाही.

तर वितळण्याचा प्रश्न सुटला होता, राहिला होता पाण्याचा. आणि हा प्रश्न म्हणजे कांद्यासारखा, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा, आणि डोळ्यात पाणी वेगळंच.

पहिला संशयित अर्थातच मोझरेला. पाण्यात डुंबत येते ती ताजी गोळा मोझरेला, तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. १२५ ग्रॅमचा गोळा चकत्या करून पंचात गुंडाळला, वर जड खलबत्ता ठेवला आणि सहा तास विसरलो. परत वजन केलं तर ९८ ग्रॅम. २७ ग्रॅम म्हणजे जवळजवळ दोन टेबलस्पून पाणी, जे मी इतके दिवस इमानेइतबारे दोन ब्रेडच्या मध्ये ओतत होतो!! मग दुसऱ्यांदा असं वाटलं की कशाला हा उपद्व्याप, सरळ पिझ्झावाली ब्लॉक मोझरेला आणू, ती मुळातच कोरडी. आणली. 'प्रीमियम' लिहिलेली, किंमतही प्रीमियम. तव्यावर ती वितळली नाही, तिला तेल सुटलं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली तर घटकांमध्ये खाद्य वनस्पती तेल. दुकानाचं नाव घेत नाही पण धडा घेतला, आता चष्मा लावल्याशिवाय चीज घेत नाही. आयतं किसलेलं पाकीटही नको, किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो आणि मग तार नीट सुटत नाही. सध्याचं मिश्रण: निथळलेली ताजी मोझरेला तीन भाग, खरी ब्लॉक मोझरेला एक भाग, आणि चिमूटभर किसलेलं पार्मेजान. पार्मेजान चवीसाठी, वितळायच्या भानगडीत ते पडत नाही.

दुसरा संशयित टोमॅटो. कच्च्या चकत्यांना मीठ लावून चाळणीत ठेवून बघितलं, पाणी सुटलं खरं पण तव्यावर गेल्यावर परत सुटलं, टोमॅटोला लाजच नाही. शेवटी चेरी टोमॅटो अर्धे करून ओटीजीत (घरगुती छोटा ओव्हन) १२० वर अडीच तास. सुरकुतले, गोड झाले, आणि कडेला थोडे चिकटही झाले, ते चाटूनपुसून खाल्ले. खरं तर इटलीतल्या पुग्लियात करतात तसे मीठ लावून उन्हात वाळवायचे होते, पण पुण्यातला जुलै आहे, उन्हाचा पत्ता नाही. पुढच्या एप्रिलमध्ये आईच्या कुरडयांच्या शेजारी माझं वाळवण लागेल, गच्चीवरची जागा आत्ताच बोलून ठेवली आहे.

पेस्टोबद्दल, म्हणजे आत लावलेल्या बेसिलच्या चटणीबद्दल, पटकन. हो, कॅप्रेसे कॅप्रीचं, पेस्टो जेनोवाचा, दोघांना एकाच ब्रेडमध्ये कोंबलंय हे माहीत आहे, इटालियन माणूस दारात आला तर बघू. चिलगोजे परवडेनात म्हणून काजू. आणि ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी, सब्जा पेरून आलेली पानं वापरून बघितली. सब्जाही बेसिलच्याच जातीचा, पण माझ्या कुंडीतल्या झाडाचा वास पार बडीशेपेकडे झुकला, पेस्टोपेक्षा मुखवास वाटला. बिया फालुद्यातच बऱ्या. पेस्टोतलं तेल मात्र उपयोगी पडलं, ब्रेडच्या आतल्या बाजूला ते आधी फासलं की चीजचं पाणी ब्रेडमध्ये मुरायला वेळ लागतो. त्याच्याही आधी आतली बाजू कोरड्या तव्यावर हलकी शेकून घ्यायची.

आता गंमत ऐका. हे सगळं करून प्रयोग १३ मध्ये आतून सँडविच कोरडं, वरून कुरकुरीत, आणि खालची बाजू? सादळलेली! परत तेच. मी तवा बदलला, बटर बदललं, खालची बाजू दोन मिनिटं जास्त शेकली, तरी तेच. वैतागून ताट आपटलं (हळूच, स्टीलचं आहे). आई बाजूला पोळ्या लाटत होती, तिने मान वर न करता विचारलं, "अरे, गरम पोळी आपण थेट डब्यात टाकतो का कधी?"

मी ताटाकडे बघितलं. सँडविच उचललं. खाली बरोब्बर ब्रेडच्या आकाराचा चौकोन, बारीक बारीक थेंबांनी भरलेला, जसा पोळीच्या डब्याच्या झाकणाला आतून घाम येतो तसा. गरम ब्रेडमधून वाफ खाली जाते, गार स्टीलवर तिचं पाणी होतं, आणि ते पाणी ब्रेड परत पिऊन घेतो. तेरा प्रयोग मी मोझरेलाला शिव्या घालतोय आणि चोर ताटात बसलेला.

खात्रीसाठी काल एकाच सँडविचचे दोन तुकडे केले (तो कर्र आवाज हाच), एक ताटात, एक पापड भाजायच्या जाळीवर, घड्याळ लावून तीन मिनिटं. ताटातला वाकला. जाळीवरचा हातात आडवा धरला तर एकदम ताठ, चीज मात्र खाली लोंबतंय, वीतभर तार! घरच्यांना ती तार दाखवायला अख्ख्या घरात फिरलो. आई म्हणाली, "बरं, आता खा तरी."

ब्रेडला बाहेरून बटर लावायचं की मेयो हा वाद माझ्यापुरता मिटला आहे, दोन्ही नाही, साजूक तूप. बटरमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच आणि त्यातला दुधाचा भाग लवकर करपतो. तुपात रंग थोडा उशिरा येतो पण एकसारखा येतो, आणि वास, काय सांगू. इटालियन राहिलं नाही म्हणाल तर म्हणा.

चाबाटावर करा असा आग्रह झाला होता, केलं. हा ब्रेड काही पुरातन वगैरे नाही बरं का, १९८२ मध्ये व्हेनिसजवळच्या आद्रियात आर्नाल्दो काव्हाल्लारी या बेकरने फ्रेंच बगेत ब्रेडला टक्कर म्हणून काढला. घरी बनवलेला माझा चाबाटा सुंदर जाळीदार झाला, म्हणूनच फसला, भोकांतून चीज थेट तव्यावर. ती करपलेली चीजची जाळी मात्र सगळ्यात चविष्ट निघाली. सध्या साधा जाड कापलेला सॉरडोच (आंबवलेल्या पिठाचा ब्रेड).

पुढचा बेत खरं तर मोझरेला इन कारोझ्झाचा होता, ब्रेड अंड्यात बुडवून तळतात तो नेपल्सकडचा प्रकार. त्याबद्दल वाचताना लक्षात आलं की तिकडेही त्यासाठी अगदी ताजी नाही, एक-दोन दिवसांची निथळलेली मोझरेला घेतात. म्हणजे खलबत्ता कशाला? आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, स्कामोर्झा! मोझरेलाचीच बहीण, पण गळ्याला दोरी बांधून टांगून सुकवतात, म्हणून ती नासपतीसारखी दिसते. आपण श्रीखंडाला चक्का टांगतो तेच की हे. तयार मोझरेला टांगून खरी स्कामोर्झा होणार नाही, ती आधीपासूनच घट्ट बनवतात, पण पाणी तर जाईल. कारोझ्झा रद्द, आधी हे.

आत्ताच मध्ये उठून एक गोळा सुती दोऱ्याने फ्रीजच्या वरच्या जाळीला बांधून आलो. सुरुवातीचं वजन १२३ ग्रॅम. खाली वाटी ठेवली आहे, पण तरी त्याच्या बरोब्बर खाली उद्याचं दही आहे हे घरात अजून कोणाला माहीत नाही.