चेफालूचा धुण्याचा घाट

पंधरा ऑगस्टला जोडून रजा मिळत होती, म्हणून सिसिलीतल्या चेफालूची तिकिटं काढली. इटलीत नेमका तोच दिवस फेरागोस्तोचा, भर उन्हाळ्यातल्या मोठ्या सुट्टीचा. सम्राट ऑगस्टसच्या काळातला हा सण, आणि त्या आठवड्यात जो तो समुद्राकडे निघालेला असतो. मी हे आधी पाहिलंच नाही. पालेर्मोहून रेल्वेनं तासाभराचा प्रवास, त्यात आईला अर्ध्या वाटेपर्यंत उभं राहावं लागलं. तिचे गुडघे दुखतात हे माहीत असून मी तिला या गर्दीत आणलं, याचं अजून वाईट वाटतं. तुम्ही जाणार असाल तर जून नाहीतर सप्टेंबर धरा. सप्टेंबरातही पाणी छान उबदार असतं.

किनारा देखणाच आहे. लांबच लांब वाळू, टोकाला समुद्रात पाय सोडून बसलेलं जुनं गाव आणि त्याच्या डोक्यावर ला रोक्का, २७० मीटर उंचीचा कातळ. पण छत्र्या भाड्याच्या आणि त्याही सगळ्या गेलेल्या. फुकटच्या वाळूवर पाय ठेवायला जागा नाही. आई म्हणाली, "कुठेतरी सावली बघ गं."

सावली शोधत आम्ही गावात शिरलो. एका गल्लीत काळ्या दगडाच्या पायऱ्या वळत खाली जात होत्या. खाली कमानी, गारवा आणि पाण्याचा आवाज. भिंतीत ओळीनं सिंहमुखं, त्यांतून चेफालिनो नदीचं पाणी दगडी कुंडांत पडतं आणि पुढे समुद्राला मिळतं. गावातल्या बायका पिढ्यानपिढ्या इथे धुणं धूत.

"अगं, हा तर घाट!" आई म्हणाली.

आईचं माहेर वाईचं. कृष्णेच्या घाटावर ती रोज धुणं घेऊन जायची, एवढंच मला ठाऊक होतं. इथे तिनं कुंडाच्या तिरक्या दगडावरून तळवा फिरवला. "उतार नीट काढलाय. पाणी साचायचं नाही." मग रुमाल भिजवून गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ गप्प बसली.

"घाटावर माझा दगड ठरलेला होता. दुसरं कुणी बसायचं नाही त्यावर. लग्न ठरलं, तशी धाकटीनं विचारलं, आता तो मला ना?"

इतक्या वर्षांत हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस भराभर गेले. राजा रॉजर दुसरा यानं ११३१ मध्ये बांधायला घेतलेलं कॅथेड्रल, त्यातला सोनेरी मोझॅइकमधला ख्रिस्त. 'पानेल्ले' खाल्ले, म्हणजे हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, तळलेल्या वड्या. आपल्या पाटवडीची सख्खी बहीण, फक्त फोडणी नाही. समुद्रात मी दोनदाच उतरले.

दुपारी मात्र रोज घाटावर. आई तिसऱ्या कुंडापाशी बसायची. शेवटच्या दिवशी तिथे एक मुलगी फोटो काढत उभी होती. ती बाजूला होईपर्यंत आई पायरीवर थांबून राहिली.